फॉर्मल मेथड्सच्या वर्गात रोल-प्ले आला कुठून

फॉर्मल मेथड्स म्हणजे प्रोग्रामने काय करायचं ते गणिती नोटेशनमध्ये लिहायचं (ते स्पेक) आणि तो तसंच करतो हे सिद्ध करायचं. 1969 चा तो अ‍ॅक्झिअमवाला पेपर, ज्यात प्रोग्राम बरोबर आहे हे गणितासारखं सिद्ध करायचा पाया घातला, मग व्हीडीएम, झेड या नोटेशन्स वगैरे या विषयातल्या सगळ्यांना माहितीये, त्यात शिरत नाही. शिकवण्याचा प्रकार बरीच वर्षं एकच होता, फळ्यावर प्रेडिकेट (खरं-खोटं ठरणारं तार्किक विधान), वहीत प्रेडिकेट आणि परीक्षेला स्टॅकचं ठरलेलं उदाहरण. रोल-प्ले, म्हणजे वर्गात कोणी क्लायंट, कोणी स्पेक लिहिणारा, कोणी शेड्युलर व्हायचं, त्याची मुळं माझ्या मते शेजारच्या घरात, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगमध्ये, आहेत. 1976 मध्ये कोड इन्स्पेक्शनची (गटाने बसून कोड तपासायची) पद्धत छापून आली, त्यात मॉडरेटर, डिझायनर, कोडर, टेस्टर असे रोल ठरलेले, आणि डिझाइन समजावून सांगणारा सहसा ते करणारा नसून कोडर. 1989 च्या सीआरसी कार्ड्समध्ये (एका कार्डावर प्रोग्रामचा एक भाग, त्याचं काम आणि त्याचे सोबती) तर माणूसच ऑब्जेक्ट होतो, आपली पाळी आली की कार्ड वर धरायचं. दोन्हीकडे सिद्धतेचं नाव नाही.

फॉर्मलवाल्यांनी हे घेतल्यावर भांडण झालं ते क्लायंट, म्हणजे काय हवंय ते सांगणारा, कोण होणार यावरून, आणि ते अजून मिटलेलं नाही. एक बाजू म्हणते शिक्षकानेच व्हावं, उत्तरं सुसंगत येतात, मार्क देणं सोपं, वेळ वाचतो. वेळेचा मुद्दा खरा आहे, नाहीतर अर्धं सेमिस्टर गप्पांत जातं आणि नोटेशन तसंच राहतं. पण लिफ्टचं उदाहरण घ्या. क्लायंट म्हणतो दार उघडं असताना लिफ्ट हलता कामा नये, पोरं इन्व्हेरियंट (कायम खरी राहायलाच हवी अशी अट) लिहितात, सिद्धही करतात, आणि जागची न हलणारी लिफ्टसुद्धा त्यात आरामात पास होते. शिक्षक क्लायंट असला की त्याला राहवत नाही, तो लगेच "लाइव्हनेस राहिलं" म्हणून मोकळा होतो (सेफ्टी म्हणजे नको ते घडू नये, लाइव्हनेस म्हणजे हवं ते कधीतरी घडावं; हे वेगळं करणं 1977 पासूनचं, त्याच्या तोंडात ते बसलेलंच असतं). नोटेशन न येणारा विद्यार्थी क्लायंट असेल तर तो विचारतो, अहो मी तिसऱ्या मजल्यावर उभाय, लिफ्ट येणार कधी? मग स्पेक लिहिणाऱ्याला स्वतःचा फॉर्म्युला साध्या भाषेत वाचून दाखवावा लागतो आणि भोक तिथेच सापडतं. मला दुसरी बाजू पटते, वेळ गेला तरी.

शेड्युलरचा, म्हणजे कोणती पायरी कधी चालणार ते ठरवणाऱ्याचा, रोल मात्र टूल्सनी खाल्ला. आधी एक जण मुद्दाम वाकडा क्रम निवडून दुसऱ्याचा प्रोटोकॉल मोडायचा, ते काम मॉडेल चेकर, म्हणजे शक्य ते सगळे क्रम तपासणारं टूल, न थकता करतो. एका मोठ्या क्लाउड कंपनीत 2011 पासून टीएलए प्लस (स्पेक लिहायची भाषा, सोबत मॉडेल चेकर) वापरात आलं, 2015 मध्ये त्यावर लेख आला, त्यानंतर तर हे टूल काय दाखवतं तेच बघायची सवय लागली, आणि वाकडा क्रम स्वतः शोधण्याची सवय गेली हे कोणी फारसं बोलत नाही.

आता चॅटबॉटला क्लायंट करायची टूम आहे. तो फारच गोड, विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला हो म्हणतो, राहिलेल्या जागा स्वतःच भरून टाकतो. त्याला आडमुठा करायचा तर अटी आधी भरवाव्या लागतात, आणि त्या लिहिणार परत शिक्षकच.