हजार विड्यांच्या तीनशे का झाल्या?

सोलापूरच्या पूर्व भागात सकाळी फिरलं की दारात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका दिसतात. मजुरी हजार विड्यांवर ठरते. समजा, त्यातल्या एकीचा नवरा गेला. रोज हजार वळणारी बाई तीनशेवर आली, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, घास उतरत नाही. हे दुःख म्हणायचं की आजार?

नवरा जाऊन पंधरवडा झाला असेल, तर दुःखच. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची निदान-पुस्तिका स्पष्ट सांगते की जवळचं माणूस गेल्यावर अपेक्षित असलेला शोक हा विकार नव्हे. पण वर्ष उलटलं, तरी ती दिवसदिवस त्याच आठवणीत अडकलेली आहे, चूल पेटत नाही, पोरांकडे लक्ष नाही, तेव्हा? लांबलेल्या शोकाला आता विकारांच्या यादीत जागा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत त्यासाठी किमान सहा महिन्यांची अट आहे, अमेरिकी पुस्तिकेत मोठ्या माणसांसाठी बारा महिन्यांची. बाई तीच, दुःख तेच. आठव्या महिन्यात एका यादीप्रमाणे आजारी ठरू शकेल, दुसरीप्रमाणे नाही. ही रेघ माणसांनी विचार करून, वाद घालून आखलेली आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आखलेली आहे म्हणून ती खोटी ठरत नाही. रक्तदाबाच्या आजाराची रेघही अशीच आखलेली असते.

वागणं विचित्र दिसलं म्हणजे आजार, असंही नाही. देवीपुढे एखादीच्या अंगात येतं, ती घुमते, थोड्या वेळानं शांत होऊन घरी जाते आणि स्वयंपाकाला लागते. ज्या समाजात ही मानलेली रीत आहे, तिथं जागतिक यादी तिला विकार म्हणत नाही. मनात नसताना, वारंवार असं होऊ लागलं आणि त्यानं जगणं विस्कटलं, तर गोष्ट वेगळी. त्रास किती, रोजचं काम किती अडलं आणि किती दिवस, हे तीन प्रश्न विचित्रपणापेक्षा मोठे आहेत. ते विसरल्यावर काय होतं, हे इतिहासात दिसलं आहे. समलैंगिकता १९७३ पर्यंत अमेरिकी यादीत विकार म्हणून होती. आपल्याकडच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तर लिहूनच ठेवलंय की समाजाच्या नैतिक किंवा धार्मिक मूल्यांशी न जुळणं हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही.

साखर रक्तात मोजता येते, उदासी नाही. थायरॉइडमुळे तर असं होत नाही ना, एवढं रक्त तपासून कळतं. पुढं सगळं बोलण्यावर. मग दोन डॉक्टरांचं निदान एकच येईल कशावरून? साठच्या दशकात न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे भास आणि भ्रम होणाऱ्या गंभीर मनोविकाराचं, निदान लंडनपेक्षा कितीतरी जास्त होत होतं. संशोधकांच्या एकाच चमूनं दोन्हीकडचे रुग्ण ठरावीक प्रश्न विचारून तपासले, तेव्हा ती तफावत बहुतांशी नाहीशी झाली. फरक रुग्णांपेक्षा डॉक्टरांच्या सवयीत जास्त होता. आजचे नेमके निकष आणि ठरलेल्या प्रश्नावल्या अशा अभ्यासांतून आल्या. जुळ्यांच्या अभ्यासांनी आणखी एक गोष्ट दाखवली: एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया झाला, तर दुसऱ्याचा धोका खूप वाढतो, पण निम्म्याहून अधिक वेळा त्याला तो होत नाही. म्हणजे आनुवंशिकता मोठी, तरी सगळा खेळ तिचा नाही.

प्रश्नावलीची खरी परीक्षा मात्र आपल्याकडच्या गल्लीत होते. इथं एकाच चौकात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू ऐकू येते. नैराश्याच्या एका प्रसिद्ध प्रश्नावलीत नऊ प्रश्न आहेत, सगळे गेल्या दोन आठवड्यांबद्दल. पहिलाच प्रश्न कामात गोडी वाटण्याबद्दल. पण सूप घेऊन बसलेली बाई 'गोडी वाटत नाही' असं म्हणेलच असं नाही. ती म्हणेल, हातपाय गळाल्यासारखे होतात, छातीत धडधडतं, डोकं जड राहतं. म्हणून प्रश्न दुसऱ्या भाषेत नेल्यावर तो वेगळ्या माणसाकडून मूळ भाषेत परत आणवतात आणि अर्थ सरकला का ते पाहतात. मग त्या भाषेच्या माणसांना विचारून बघतात. हे काम किचकट आहे, पण ते नीट झालं नाही तर आजारी बाई कागदावर ठणठणीत दिसेल. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावरही आपल्या भाषेत बोलायची सोय ठेवली आहे ती याचसाठी: 'डोकं जड राहतं' हे तिला तिच्याच शब्दांत सांगता यावं.