उन्हाच्या मुलखातली हिवाळी परसबाग

खानदेश म्हटलं की बाहेरच्या माणसाला भुसावळचा मे महिना आठवतो. पारा ४५ अंशांच्या वर, दुपारी ओस पडलेल्या गल्ल्या, डोक्याला गुंडाळलेले रुमाल. ते खोटं नाही. पण इथल्या कुणालाही विचारा की वर्षभरात जिभेला सगळ्यात गोड काय लागलं. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आमरस सोडला तर बाकी सगळी नावं थंडीतलीच निघतील. वांग्याचं भरीत, टहाळाचा ओला हरभरा, निखाऱ्यावर भाजलेल्या गव्हाच्या उंब्या, दादर ज्वारीचा हुरडा, भोगीची भाजी. अहिराणीत हिवाळ्याला ‘हिवाया’ म्हणतात. या हिवायानेच आमची परसबाग घडवली. कापूस आणि केळीच्या इतिहासाखाली तिचा इतिहास दबला गेला, तो थोडा वर काढावा म्हणून हे टिपण.

आधी थंडी म्हणजे किती, ते सांगतो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याचे डोंगर आणि मधे तापीचं सखल खोरं. पाऊस गेला की हवा कोरडी होते, आभाळ निरभ्र राहतं, दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर उष्णता सोडून देते. त्यात उत्तरेचं वारं आलं की जळगाव-धुळ्यात पारा १० अंशांच्या खाली जातो. धुळ्यात तो काही वेळा ५ च्याही खाली गेला आहे. हजार मीटरहून उंच असलेल्या तोरणमाळला, अक्कलकुव्याच्या डाब-वालंबा भागात पहाटे गवतावरचं दव गोठतं. त्याच डाबच्या शेतांत आता स्ट्रॉबेरी होते.

थंड देशांतल्या माणसाची परसबाग याच्या नेमकी उलट बाजूने चालते. कॅनडात, रशियात, उत्तर युरोपात घरामागे धान्य-भाजी लावणारा माणूस वसंतातलं शेवटचं हिमदव आणि शरदातलं पहिलं हिमदव यांमधले दिवस मोजतो. पुष्कळ ठिकाणी ते जेमतेम ९० ते १२० भरतात. त्याला थंडीच्या दोन भिंतींमधल्या फटीत पीक काढायचं असतं. आम्हाला उन्हाच्या दोन भिंतींमधून काढायचं असतं. ऑक्टोबरची काहिली ओसरल्यापासून फेब्रुवारीअखेर वारं तापेपर्यंत आमच्याही हाती साधारण तेवढेच दिवस येतात. म्हणून दोन्हीकडच्या वाफ्यांत पिकंही बरीचशी तीच दिसतात: गहू, सातू, वाटाणा, मसूर, मोहरी, कोबी, गाजर, मुळा, पालक.

बियाणं मात्र तेच चालत नाही, आणि इथे हौशी माणूस फसतो. तिकडचा हिवाळी गहू शरदात पेरतात, तो बर्फाखाली पडून राहतो आणि वसंतात वाढतो. काही आठवडे कडक थंडी अंगावर घेतल्याशिवाय त्याला ओंबी धरता येत नाही, ही त्याच्या जातीचीच गरज आहे. असलं बी जळगावच्या काळ्या मातीत टाकलं तर हिरवंगार गवत मिळेल, दाणा मिळणार नाही. आपण नोव्हेंबरात पेरतो तो मुळात त्यांच्याकडे वसंतात पेरतात त्या जातकुळीचा. त्याला थंडी लागते ती फुटवे भरपूर यावेत आणि दाणा सावकाश भरावा म्हणून. दाणा भरताना ऊन चढलं की तो चिमतो. बागायती गव्हाची पेरणी १५ नोव्हेंबरच्या पुढे गेली तर दर पंधरवड्याला एकरी साधारण एक क्विंटल घट येते, असं कृषी विद्यापीठाचं सांगणं आहे. जुनी माणसं दिवाळीनंतर घाई करायची ती याचसाठी.

ही पिकं इथे आली कधी? तापीकाठी प्रकाशे इथे १९५५ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. गिरणेकाठच्या बहाळला आणि समोरच्या टेकवाड्याला म. न. देशपांडे यांनी. साक्री तालुक्यातल्या कावठ्यालाही ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली. म्हणजे या नद्यांच्या काठी साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीपासून माणसं घर करून राहत होती. त्या काळातला महाराष्ट्रातला शेतकरी काय पिकवायचा याचं सगळ्यात भरघोस उत्तर पुणे जिल्ह्यातल्या इनामगावने दिलं. तिथे सातू हे मुख्य पीक होतं, सोबत गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ. यातला कुळीथ सोडला तर बाकीची पिकं पश्चिम आशियातली. जिथे पाऊसच हिवाळ्यात पडतो अशा मुलखात ती माणसाळली, त्यामुळे थंडीत वाढणं त्यांच्या हाडीमाशी आहे. हरभऱ्याचं मूळही तिकडचंच, आजच्या तुर्कस्तानच्या आग्नेय भागातलं. ज्वारी, बाजरी, चवळी, वाल आफ्रिकेतून आले. तूर, मूग, उडीद इथले घरचे. भोगीच्या भाजीत वाल, हरभरा, गाजर, वांगं, तीळ आणि सोबत बाजरीची भाकरी आपण एका ताटात वाढतो, तेव्हा त्या ताटात तीन भूभागांचा प्रवास येऊन थांबलेला असतो.

दादरबद्दल मला जास्त बोलायचं आहे. ज्वारी ही उन्हाची लाडकी, पावसाळ्यातली. पण इथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करत तिची एक जात थंडीत वाढायला शिकवली. पाऊस सरता सरता, तापी-गिरणेकाठच्या खोल काळ्या जमिनीत ती पेरायची. वरून पाणी नाही. मातीत मुरलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर ती उभी राहते, दिवस लहान झाले की निसवते, म्हणजे कणीस बाहेर काढते. दाणा पांढरा, टपोरा. भाकरी मऊ, संध्याकाळपर्यंत वातड न होणारी. कडबा गुरांना, दाणा माणसांना, आणि उन्हाळ्यात धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, वाळणारे बिबडे (पापड) हेही ज्वारीचेच. दादरचं उत्पन्न संकरित ज्वारीच्या मानाने कमी आहे हे खरं. पण ज्याने ती भाकरी खाल्ली आहे त्याला बाजारातली दुसरी ज्वारी गोड लागत नाही, आणि मला वाटतं ती टिकून राहिली ती याच हट्टामुळे.

पाणी असलेल्या जागी वेगळी रीत होती. पांझरा, मोसम, आरम, बुराई या नद्यांवर लहान लहान बंधारे घालून पाटाने पाणी आणायची फड पद्धत तीनशे-चारशे वर्षं जुनी मानतात. गावाच्या भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडायचे आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा या फडात ऊस, त्या फडात गहू-हरभरा, पुढच्या वर्षी पालट. प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांचा मेहनताना धान्यात. कमी पावसाच्या वर्षी कुठला फड कोरडा ठेवायचा हे गावच ठरवायचं. हिवाळ्यातला गहू इथे घरच्या पोटासाठी होता आणि त्याच्यावर सगळ्या गावाचा डोळा होता. बाकी भाजीपाला मोटेच्या विहिरीभोवती. गावठाणातली धाब्याची घरं एकमेकांना खेटून, मागे जागा थोडी, म्हणून खरी परसबाग मळ्यात असायची. घरापाशी मोरीच्या पाण्यावर अळू, केळीचा एखादा कंद, मांडवावर चढवलेला वाल किंवा दुधी, एवढंच. सातपुड्यात वेगळं. तिथे पावरा आणि भिल्लांची घरं सुटी सुटी, ज्याची त्याच्या शेतात. त्यामुळे दारापासूनच मका, चवळी, काकडी, वाल सुरू होतात.

मका म्हटला की अमेरिका आलीच. मका, मिरची, बटाटा, टोमॅटो आणि श्रावण घेवडा ही सगळी पोर्तुगीज आल्यानंतरची पाहुणी. ज्या शेंगेच्या नावात चक्क श्रावण आहे तीही त्यातलीच, हे कळलं तेव्हा मला बराच वेळ खरं वाटेना. युरोपातही कोलंबसाच्या आधी घेवडा नव्हता. त्यांच्या थंड परसात शेंग म्हणजे बाकला आणि वाटाणा. फ्लॉवर तर अजून नवा, इंग्रजांनी १८२२ मध्ये सहारनपूरच्या बागेत लावून पाहिला आणि मग तो देशभर गेला. आज नंदुरबारची मिरची आणि थंडीतला फ्लॉवर आपण आपलेच मानतो. माझ्या मते त्यात गैर काही नाही. ज्या मातीत बी धरलं, ती माती त्याची.

वांगं मात्र अस्सल इथलं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फिकट हिरवं, त्यावर पांढरट रेघा, आकाराने थोराड, गर भरपूर, बी कमी. चातुर्मासात पुष्कळ घरांत वांगं, कांदा, लसूण वर्ज्य. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मग वांग्याची वाट मोकळी. पावसाळ्यात लावलेली झाडं त्याच सुमाराला भराला येतात, थंडीने फळाची चव खुलते, आणि भाजायला लागणाऱ्या तुरीच्या, कापसाच्या काड्याही त्यानंतर लवकरच हाती येतात. देवाचा दिवस आणि वाफ्याचा दिवस एकाच वेळी यावा हा मला योगायोग वाटत नाही.

मग कापूस आला. तो आधीही होता, पण १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. त्याच दशकात रेल्वे खानदेशात पोचली. भाव चढले आणि वावरं पांढरी झाली. याचा परसबागेशी संबंध असा, की कपाशी जागा लवकर सोडत नाही. जूनमध्ये लावलेली कपाशी डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी राहते, आणि तेच दिवस दादर-हरभऱ्याचे. जिथे कपाशी शिरली तिथून हिवाळी धान्य आपोआप हललं. रावेर-यावल पट्ट्यात पुढे केळीने तेच केलं. तिची कथा तर थंडीच्या दृष्टीने उलटीच आहे. पारा १२ च्या खाली गेला की केळीला चरका बसतो, पानं पिवळी पडतात, घड अडकतात. शेतकरी रात्री पाणी सोडतात, बागेभोवती धूर करतात, कडेला गजराज गवताची भिंत उभी करतात. ज्या रात्रीची हरभरा वाट पाहतो, त्याच रात्री केळीवाल्याला झोप नसते. आणि केळीसाठी उपसा इतका वाढला की विहिरी खोल खोल गेल्या, मग मळ्यातला भाजीचा वाफा आधी सुटला.

घरामागे धान्य पिकवण्याची आठवण माणसाला संकटातच येते, असं जगाचा इतिहास सांगतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने बागा आणि हिरवळी खणून भाज्या लावल्या. अमेरिकेत १९४३ मध्ये अशा सुमारे २ कोटी बागा होत्या आणि देशातल्या ताज्या भाजीपाल्यातला जवळपास ४० टक्के वाटा त्यांचा होता. आपल्याकडे त्याच दशकात ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम आली. लेनिनग्राडच्या वेढ्यात तिथल्या बीजसंग्रहातले शास्त्रज्ञ पोत्यांनी धान्य जवळ असताना भुकेने मेले, पण पुढच्या पेरणीचं बी त्यांनी खाल्लं नाही. मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा आजीचा वांग्याच्या बियांचा डबा डोळ्यांपुढे आला. सगळ्यात चांगलं फळ झाडावरच पिवळं होऊ द्यायचं, बी धुऊन राखेत घोळायचं, सावलीत वाळवायचं. दादरची भरलेली कणसं वेगळी बांधून ठेवायची. डाळी-कडधान्यात कडुनिंबाचा पाला. घरात काही कमी असलं तरी त्या डब्याला हात लागायचा नाही.

आता परसबाग सरकारी कागदावर परत आली आहे. २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झालं, अंगणवाड्यांतून पोषण परसबागा झाल्या, शाळांसाठीही सूचना आल्या. नंदुरबारसारख्या कुपोषणाने पोळलेल्या जिल्ह्यात याचं मोल मोठं आहे. माझी एकच तक्रार आहे. या बागांमध्ये मेथी, पालक, टोमॅटो दिसतात. धान्य आणि कडधान्य फारसं दिसत नाही. जागा पुरत नाही म्हणतात, पण हिशेब करून पाहा. एकरी १५ क्विंटल गहू धरला तर एका गुंठ्याला ३७ किलोच्या वर पडतो आणि त्याला बी लागतं एक-सव्वा किलो. हरभरा एकरी ८ क्विंटल धरला तर गुंठ्याला २० किलो. लेकरांच्या ताटात उसळ आणि डाळ यायला हे पुष्कळ झालं.

गुलाबी बोंडअळीने २०१७ मध्ये कपाशीची दाणादाण उडवली, तेव्हापासून फरदड (वेचणी संपल्यावरही तीच कपाशी राखून घेतलेलं पीक) घेऊ नका, डिसेंबरअखेर वावर मोकळं करा, असं दर वर्षी सांगितलं जातं. आमच्या घरी आता बांधाकडचे दोन गुंठे कपाशीला देतच नाहीत. एकात दादर, एकात हरभरा. पौषातल्या थंडीत हरभऱ्याच्या पानांवर आंबट दव धरतं, त्याला आंब म्हणतात. आजी रात्री धुतलेलं धोतर त्या झाडांवर पसरून ठेवायची आणि उजाडायच्या आत ते पिळून बाटलीत भरायची, पोटदुखीवर द्यायला. गेल्या हिवाळ्यात आईने पुन्हा धोतर पसरलं. तीन पहाटेत पाव बाटली भरली.