सेडान मोटारीची प्लॅस्टिक प्रतिकृती

चार दारे आणि मागे स्वतंत्र डिकी असलेल्या आधुनिक मोटारीची, पॉलिस्टायरीनचे सुटे भाग जोडून व रंगवून केलेली प्रमाणबद्ध प्रतिकृती. वितळलेले प्लॅस्टिक दाबाने साच्यात भरून भाग घडवतात. ते स्प्रू नावाच्या दांड्यांच्या चौकटीला जोडलेलेच संचात येतात. आधुनिक सेडानच्या पुष्कळ संचांत इंजिन नसते व बॉनेट उघडत नाही. त्यामुळे प्रतिकृतीचा दर्जा मुख्यतः बाह्यकवचाच्या रंगकामावर ठरतो.

प्रमाण : 1/24 आणि 1/25 ही दोन प्रमाणे रूढ आहेत. 1/24 म्हणजे फुटाला अर्धा इंच. त्याचा उगम सरळ आहे. 1/25 विषयी मात्र मतभेद आढळतात. अमेरिकेत 1948 च्या सुमारास स्थापन झालेली एएमटी ही कंपनी प्रथम मोटार-विक्रेत्यांसाठी जाहिरातीच्या तयार प्रतिकृती करीत असे. 1958 मध्ये तिने एकाच संचातून तीन प्रकारची गाडी जोडता येईल असे संच काढले आणि 1/25 तेथून पसरले. एका मतानुसार मोटार कारखान्यांतील दशमान पद्धतीच्या आराखड्यांवरून हे प्रमाण आले. दुसऱ्या मतानुसार मोठ्या लाकडी नमुन्यावरून साचा लहान करून कोरताना ते सोयीचे ठरले. ही मते परस्परविरोधी नाहीत, तरी पहिले अधिक ग्राह्य वाटते. जपानमध्ये तामिया, आओशिमा, फुजिमी या शिझुओका परगण्यातील कंपन्यांनी 1/24 स्वीकारले. त्यामागे 1960 च्या दशकातील स्लॉट-कार (खाचेच्या मार्गावर विजेवर धावणाऱ्या खेळण्यातील मोटारी) शर्यतींचा प्रभाव असावा, असे मानतात. फरक चार टक्क्यांचा असला तरी डोळ्यांना जाणवतो. नाशिकच्या महिंद्र कारखान्यात 2007 पासून तयार झालेली लोगन (पुढे व्हेरिटो) ही सेडान सुमारे 4.25 मी. लांब आहे. ती 1/24 मध्ये 177 मिमी., तर 1/25 मध्ये 170 मिमी. भरते. म्हणून एका प्रमाणाची चाके दुसऱ्या प्रमाणाच्या गाडीला शोभत नाहीत.

कवचाची तयारी : भाग निपरने (लहान कापणीच्या पकडीने) दांडीपासून थोडा दूर कापून उरलेला खुंट पातीने काढतात, एकदम लगत कापल्यास प्लॅस्टिक पांढरे पडते किंवा टवका उडतो. साच्याच्या जोडाची बारीक रेघ बहुधा मडगार्डवर व छताला आधार देणाऱ्या मागील खांबावर असते. ती 600 व नंतर 1000 क्रमांकाच्या वॉटर पेपरने घालवतात. प्लॅस्टिक आकसून पडलेल्या खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरतात. खऱ्या गाडीत दाराची फट सुमारे 4 मिमी. असते, 1/24 मध्ये ती 0.17 मिमी. होते. संचातील खाच याहून रुंद असली तरी उथळ असते व रंगाने बुजते. त्यामुळे ती आधीच कोरून खोल करावी. नंतर कवच साबणाच्या पाण्याने धुऊन साच्याचे तेल काढतात.

रंगकाम : अस्तर (प्रायमर), रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मिळून 0.1 मिमी. जाडी झाली, तर प्रमाणाने ती खऱ्या गाडीवर 2.4 मिमी. ठरेल, म्हणून प्रत्येक हात पातळ हवा. गॅरेजवाल्यांचा ड्यूको रंग गाडीच्या कोडनुसार हुबेहूब छटेत मिळतो, पण त्याचे तीव्र थिनर उघड्या पॉलिस्टायरीनला चिरा पाडते. मध्ये अस्तराचा अखंड थर आवश्यक असतो. लाल प्लॅस्टिकवर पांढरा रंग दिल्यास लाली वर येते. आधी चंदेरी थर दिल्याने ती अडते. एअरब्रशसाठी 0.3 मिमी. नोझल व 15 ते 20 पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब पुरतो. मेटॅलिक रंगात बंपर व आरसे वेगळे रंगवल्यास चमकीचे कण निराळे बसून छटा बदलते. ते कवचासोबत, गाडीवर असतात त्याच स्थितीत धरून फवारावेत. क्लिअरचे तीन-चार हात देऊन आठवडाभर सुकवल्यावर 2000 व 3000 क्रमांकाच्या पेपरने पाण्यात घासून कंपाउंडने चमकवतात. कडांवर थर सर्वांत पातळ असल्याने त्या घासू नयेत. हार्डनर (थर कठीण करणारे रसायन) मिसळलेल्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते. त्यासाठी हवेशीर जागा व योग्य श्वसनमास्क अनिवार्य आहे, कापडी रुमाल चालत नाही.

नाशिकचे हवामान : जून ते सप्टेंबर हा काळ लॅकर (थिनर उडून सुकणारा रंग) फवारणीस वाईट. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील बाष्प त्यावर साचते आणि रंग दुधाळ होतो. रिटार्डर (थिनरचे उडणे मंदावणारा द्रव) घातल्यास दोष कमी होतो. एप्रिल-मेच्या उन्हात उलट घडते : थेंब वाटेतच सुकतात व पृष्ठभाग खरखरीत होतो. दिवाळीनंतरचे कोरडे महिने सर्वोत्तम. मात्र थंडीत स्प्रे डब्याचा दाब घटतो, तेव्हा तो कोमट पाण्यात ठेवावा, आचेवर कधीही नाही.

जोडणी : पॉलिस्टायरीनचा द्रव सिमेंट प्लॅस्टिक विरघळवून सांधा एकजीव करतो, रंगावर वा क्रोम मुलाम्यावर तो धरत नाही, म्हणून तेथील थर खरवडतात. काचांना सायनोअॅक्रिलेट (झटपट चिकटणारा गोंद) लावल्यास वाफेने धुके चढते. तेथे फेव्हिकॉल योग्य. मागील दिव्यांना आतून पारदर्शक लाल रंग देतात. चारही चाके सपाट काचेवर टेकतात का, हे आसांचा सिमेंट वाळण्यापूर्वी तपासावे.

जतन : काही संचांच्या मऊ पीव्हीसी टायरमधील प्लॅस्टिसायझर (प्लॅस्टिक मऊ ठेवणारे द्रव्य) कालांतराने रिमचे पॉलिस्टायरीन विरघळवतो आणि उष्णतेने ही क्रिया वाढते. रिमवर अस्तराचा थर असावा, आणि न जोडलेल्या संचातील टायर वेगळ्या पिशवीत ठेवावेत.