डीफेडरेशन

मॅस्टोडॉनसारख्या विकेंद्रित समाजमाध्यमात एका सर्व्हरने दुसऱ्या सर्व्हरशी व्यवहार तोडणे, याला डीफेडरेशन म्हणतात. युजेन रोचको यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या मॅस्टोडॉनला एक मालक नाही. हजारो सर्व्हर वेगवेगळे लोक चालवतात आणि ॲक्टिव्हिटीपब या प्रमाणपद्धतीने एकमेकांकडे पोस्ट धाडतात. त्यामुळे सगळ्या जाळ्यातून कुणाला हाकलण्याचा अधिकार कुणाकडेच नाही. प्रत्येक ॲडमिनची, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्याची, सत्ता आपल्या उंबरठ्यापुरती.

जुलै २०१९ मध्ये अतिउजव्यांचे ठिकाण म्हणून ओळखले जाणारे गॅब हे समाजमाध्यम मॅस्टोडॉनच्या कोडवर आले. कोडचा परवाना मुक्त असल्याने ते रोखणे शक्यच नव्हते. मात्र अनेक सर्व्हरांनी गॅबचे डोमेन, म्हणजे त्याचा इंटरनेटवरचा पत्ता, आपल्याकडे अडवले; टस्की या मॅस्टोडॉन वापरण्याच्या ॲपने तिथले लॉगिनही अडवले. गॅबवाले बोलतच राहिले. इतरांनी ऐकणे नाकारले. बोलण्याचा हक्क आणि ऐकवण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रसंगात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दिसते.

ॲडमिन मॉडरेशनच्या पानावर डोमेन टाकतो, तेव्हा त्याच्यासमोर मुख्यतः दोन पायऱ्या असतात. ‘मर्यादित’ केल्यास त्या सर्व्हरच्या पोस्ट सार्वजनिक टाइमलाइनवर येत नाहीत, पण फॉलो करणाऱ्यांना दिसतात. ‘निलंबित’ केल्यास तिथला साठवलेला मजकूर पुसला जातो आणि दोन्हीकडची फॉलोची नाती तुटतात. फक्त चित्रे-व्हिडिओ नाकारण्याची खूण वेगळी असते. त्याच पानावर सार्वजनिक आणि खाजगी टिपणीच्या चौकटी आहेत. सार्वजनिक चौकट रिकामी सोडू नये: कारण कळले नाही की सदस्यांना तो निर्णय मनमानी वाटतो.

निलंबन मागे घेतले तरी तुटलेली नाती आपोआप जुळत नाहीत. दहा-वीस उपद्रवी खात्यांसाठी अख्खा सर्व्हर निलंबित केला, तर तिथल्या निरपराध माणसांचे मित्रही जातात. म्हणून आधी ती खाती, मग मर्यादा, शेवटी निलंबन हाच क्रम योग्य. मॅस्टोडॉनच्या ४.३ आवृत्तीपासून (ऑक्टोबर २०२४) तुटलेल्या नात्यांची सूचना सदस्याला मिळते आणि यादी उतरवून घेता येते. दुसऱ्याची बंदी-यादी न वाचता जशीच्या तशी आयात करणे ही नव्या ॲडमिनची नेहमीची चूक. त्यात कुणाची जुनी भांडणेही आलेली असतात.

परक्या सर्व्हरची पोस्ट मॉडरेटरने काढली, तर फक्त आपल्याकडची प्रत जाते. मूळ पोस्ट हटवायची असेल, तर तक्रार करताना ती त्या सर्व्हरकडेही पाठवण्याचा पर्याय निवडावा लागतो. तक्रारदाराचे नाव पुढे जात नाही.

आपल्या ॲडमिनचा निर्णय पटला नाही, तर सदस्य खाते दुसऱ्या सर्व्हरवर हलवू शकतो. फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्ट मागेच राहतात. हे जुना सर्व्हर चालू असतानाच करावे लागते.