मन राखण्याची सवय (आघात-प्रतिसाद)

ज्याची भीती वाटते त्यालाच खूश ठेवून स्वतःचा बचाव करण्याची, बहुधा लहानपणी जडलेली सवय. धोका दिसला की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते, हे वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९१५ च्या सुमारास मांडले. थिजणे हा तिसरा प्रकार त्यात नंतर जोडला गेला; समोरच्याची मर्जी सांभाळण्याचा चौथा प्रकार पीट वॉकर या मानसोपचारकाने मांडला. हे स्वतंत्र निदान नव्हे.

दारुड्या बापाच्या घरात पोरगी सायकल टेकवल्याच्या आवाजावरून आजचा रंग ओळखते, मागायच्या आत पाण्याचा गडवा पुढे करते, धाकट्याला मागच्या दाराने शेजारी पिटाळते. त्या वयात हे शहाणपणच असते. पुढे बाप राहत नाही, अंदाज घेणे सुटत नाही.

विदर्भातल्या खेड्यांत ही सवय चटकन ओळखू येत नाही, कारण तिचे कौतुक होते : 'लय गुणाची सून, उलटून बोलत नाही.' तीच सून दिवसभर कापूस वेचून आल्यावर जावेच्या घरचे लुगडेही धुते. दिराला पैसे हवेत म्हणून बचत गटातून स्वतःच्या नावावर कर्ज उचलते आणि हप्ताही शेवटी तीच भरते. पुरुषही सुटलेले नाहीत. कितीतरी जण भिडेखातर जामीन राहतात.

'सरळ नाही म्हणा' हा शहरी सल्ला इथे तोकडा पडतो. ज्याला नकार द्यायचा, त्याच्याच विहिरीचे पाणी घ्यायचे असते, त्याच्याच धुऱ्यावरून (बांधावरून) बैलबंडी न्यायची असते. म्हणून सुरुवात वेळ मागण्यापासून बरी : 'आता नाही जमत जी, उद्या सांगतो.' 'घरी इचारून सांगतो' हेही चालते, पण त्यात निर्णय पुन्हा घराच्या हाती जातो. आधी लहानसहान कामे नाकारावीत, पैशाचा नकार सवय झाल्यावर. नकारानंतर छाती धडधडते, अपराधी वाटते. ती जुनी भीती असते, चूक केल्याचा पुरावा नव्हे. घरात मारहाण असेल तर मात्र नकाराचा सराव नको, आधी सुरक्षितता. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते. राज्य सरकारच्या २०१५ पासूनच्या प्रेरणा प्रकल्पात गावच्या आशाताई (आरोग्यसेविका) शेतकरी कुटुंबांत घरोघरी ताणतणावाची विचारपूस करतात. अडचण अशी, की मन राखणारी बाई त्यांचेही मन राखते : 'सारं बरं हाय ताई, बसा, चहा मांडतो.'