किनाऱ्यावरचा सुरू म्हणजे पाइन नव्हे!

अलिबाग, काशिदला गेलं की सुरूच्या बनातले फोटो पडतात आणि खाली हमखास कॅप्शन, "कोकणातली पाइनची झाडं". कित्येक वर्षं चाललंय हे. पण सुरू सूचिपर्णी नाहीच, तो फुलणारा वृक्ष आहे, ओक आणि बर्चच्या जवळचा, मूळचा आग्नेय आशिया-ऑस्ट्रेलियाकडचा.

आपण जिला सुई म्हणतो ती खरं तर हिरवी बारीक डहाळी. एक उचला आणि हळूच ओढा, सांध्यावर टचकन तुटते, आणि त्या सांध्याला नीट बघितलं (मोबाइलचा कॅमेरा झूम केला तरी चालेल) तर सहा-आठ इवलेसे दात गोल बसलेले दिसतात, तीच त्याची पानं! हिमाचल-उत्तराखंडातल्या चीड पाइनची सुई मात्र खरंच पान असते, तीन-तीनच्या जुडीत येते, सांधेबिंधे काही नाहीत.

आणि सुरूखाली पडलेले ते "कोन", म्हणजे पाइनला येतात तशी दिसणारी लाकडी शंकूसारखी बोंडं? पाइनच्या कोनात बी खवल्यावर उघडंच असतं. सुरूला आधी लालसर बारीक फुलं येतात, पाकळ्या नसल्यामुळे कुणाचं लक्षच जात नाही, मग त्या गुच्छाचं लाकडासारखं बोंड होतं आणि त्याच्या उघडलेल्या चोचींतून पंखवाली छोटी फळं बाहेर पडतात.

शिवाय सुरूच्या मुळांवरच्या गाठींत फ्रँकिया नावाचे जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून देतात, म्हणून तर नुसत्या वाळूतही तो तगतो. पाइनकडे ही सोय नाही.