फुलांचा मोहितो

फुलांचा मोहितो : क्यूबातील मोहितो या मिश्रपेयाचा हा गंधप्रधान प्रकार आहे. पांढरी रम, पुदिना, लिंबाचा रस, साखर आणि सोडा हे मूळ पेयाचे पाचही घटक त्यात कायम राहतात. मात्र साखर कोरडी न घालता फुलांचा गंध मुरवलेल्या पाकाच्या रूपाने घातली जाते. स्पॅनिश उच्चार ‘मोहितो’ असा असला, तरी ठाणे आणि नवी मुंबईत रोमन अक्षरांवरून वाचलेला ‘मोजितो’ हाच उच्चार अधिक ऐकू येतो. या दोन शहरांत अनेकांची या पेयाशी पहिली ओळख होते ती मद्यविरहित रूपात, म्हणजे लग्नसमारंभातील मॉकटेलच्या टेबलावर किंवा कॉलेजजवळच्या एखाद्या कॅफेत. त्यामुळे मोहितोत मुळात रम असते, ही गोष्ट कित्येकांना बरीच उशिरा कळते.

मूळ मोहितो हवाना शहराचा. लसूण आणि आंबट संत्र्याचा रस घालून केलेल्या ‘मोहो’ या क्यूबन मसाल्याच्या नावावरून हा शब्द आला असावा असे एक मत आहे; ‘किंचित ओला’ अशा अर्थाच्या स्पॅनिश शब्दाशी त्याचे नाते जोडणारे दुसरे मतही आहे. इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक १५८६ मध्ये हवानाजवळ आला, तेव्हा त्याच्या आजारी खलाशांना उसाची कच्ची दारू, लिंबू, साखर आणि पुदिना यांचे मिश्रण दिले गेले, अशी आख्यायिका सांगतात. मोहितो या नावाने पेयाची कृती छापलेली आढळते ती १९३० च्या दशकातील हवानाच्या बारमधील पुस्तिकांत. पुढे १९४२ साली सुरू झालेल्या ला बोदेगिता देल मेदियो या हवानातील लहानशा खानावळीने हे पेय जगभरच्या प्रवाशांपर्यंत पोहोचवले. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या प्रमाणित कृतीत ४५ मि.लि. पांढरी रम, २० मि.लि. ताजा लिंबूरस, पुदिन्याच्या ६ डहाळ्या, २ चमचे उसाची पांढरी साखर आणि वरून सोडा एवढेच साहित्य आहे. ही कृती इतकी मोजकी आहे की तिच्यात आणखी एक गंध घालताना कोणत्या घटकाच्या जागी काय आणायचे, याचा विचार आधी करावा लागतो.

रमच्या निवडीपासूनच हा विचार सुरू होतो. पांढऱ्या रमचे आजचे हलके रूप घडवण्यात फाकुंदो बाकार्दी यांनी १८६२ मध्ये सांतियागो दे क्यूबा येथे सुरू केलेल्या भट्टीचा मोठा वाटा आहे. तेथे रम लाकडी कोळशातून गाळून तिचा उग्रपणा कमी केला जाई. आपल्याकडे घरोघरी नाव माहीत असलेली रम मात्र काळी. १९५४ पासून बाजारात असलेली ओल्ड मंक हे तिचे ठळक उदाहरण. काळ्या रममधील व्हॅनिला आणि करपवलेल्या साखरेचा वास थंडीच्या रात्री सुखद वाटतो; परंतु मोगऱ्यासारख्या नाजूक फुलाला तो सहज झाकून टाकतो. म्हणून या पेयाला पांढरीच रम लागते.

पुदिन्याच्या बाबतीत ठाणेकर आणि नवी मुंबईकर सुदैवी आहेत. ठाण्यातील जांभळी नाक्याच्या मंडईत किंवा वाशीच्या घाऊक बाजारातून आलेल्या भाजीवाल्याकडे मिळणारी साधी जुडी या कामाला उत्तम चालते. आपल्या चटणीचा पुदिना प्रायः कार्व्होन या द्रव्यामुळे वास देतो. ज्या पुदिन्यात मेंथॉल जास्त असते, तो जिभेला आणि नाकाला गार, बधिर करून सोडतो आणि त्यानंतर फुलाचा गंध जाणवेनासा होतो. पुदिन्याचे सुगंधी तेल पानाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म ग्रंथींत असते. या ग्रंथी हलक्या दाबाने फुटतात. पान चटणीसारखे वाटले, की आतील हिरवा रस बाहेर येतो, पेय कडवट होते आणि थोड्या वेळात काळपटही पडते. वाटणाची सवय असलेल्या हाताला येथे स्वतःला आवरावे लागते. बत्त्याच्या किंवा लाकडी मडलरच्या बोथट टोकाने पाने चार-पाच वेळा दाबली की पुरे. पावसाळ्यातील जुडीला चिखल आणि डाग फार असतात, तेव्हा ती दोन-तीन पाण्यांतून धुऊन, ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवणे हिताचे.

फुले या पेयात दोन वेगळी कामे करतात. काही फुले रंग देतात, काही गंध. गोकर्ण आणि जास्वंद ही रंगाची फुले आहेत. मोगरा आणि गुलाब ही गंधाची. हा भेद न पाळल्यामुळे फुलांच्या नावाने दिले जाणारे पुष्कळसे मोहितो दिसायला निळे-जांभळे आणि चवीला निव्वळ गोड लिंबूसोड्यासारखे निघतात. युरोपात या पेयासाठी एल्डर या झुडपाची फुले लोकप्रिय आहेत आणि त्यांच्यापासून केलेले, २००७ मध्ये बाजारात आलेले सां-जर्मां हे मद्य त्या चवीचे प्रमाण मानले जाते. ते झुडूप कोकणच्या हवेतले नाही, त्यामुळे येथे ती चव बाटलीतूनच येते. मोगरा मात्र ठाण्याच्या अगदी शेजारी पिकतो, आणि या प्रदेशातील फुलांच्या मोहितोचा विचार त्याच्यापासूनच व्हायला हवा.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत जव्हार आणि विक्रमगड हे तालुके ठाणे जिल्ह्याचेच भाग होते. तेथील आदिवासी शेतकऱ्यांनी पावसाळी भाताच्या जोडीला मोगऱ्याची लागवड केली आणि त्या कळ्या दादरच्या फूलबाजारात जातात. कळ्या भल्या सकाळी, मिटलेल्या असतानाच खुडतात. त्या संध्याकाळी उमलतात आणि त्यांचा खरा गंध अंधार पडल्यावर सुटतो. उन्हाळ्यात माठात किंवा रांजणात मोगऱ्याची चार फुले टाकून पाणी सुवासिक करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. वाळ्याची जुडी टाकतात, तसाच हा प्रकार. चीनमध्ये चहाच्या पत्तीवर याच जातीच्या मोगऱ्याच्या ताज्या कळ्या रात्रभर ठेवून तिला गंध देतात, त्यामागचे तत्त्वही हेच आहे : उमलते फूल आपला गंध स्वतःच सोडत असते, त्याला उकळण्याची गरज नसते.

पाकाची कृती याच तत्त्वावर बसवावी लागते. २०० ग्रॅम साखर २०० मि.लि. पाण्यात गरम करून विरघळवावी, उकळी आली की आच बंद करावी आणि पाक पूर्ण गार होऊ द्यावा. संध्याकाळी, कळ्या उमलू लागण्याच्या बेतात असताना, देठ काढलेल्या २० ते २५ कळ्या त्यावर सोडून भांडे घट्ट झाकावे आणि सकाळी, साधारण ८ ते १० तासांनी, गाळून घ्यावे. गरम पाकात फुले टाकली, तर हलका, गोड वास वाफेबरोबर निघून जातो आणि उकडलेल्या पाकळ्यांचा जडपणा तेवढा मागे राहतो. मोगऱ्याच्या गंधात बेंझिल ॲसिटेट आणि लिनॅलूल यांच्या बरोबरीने इंडोल नावाचे द्रव्यही असते. अल्प प्रमाणात ते फुलाला भरदारपणा देते, पण प्रमाण वाढले की कुजट वाटते. फुले सकाळनंतरही पाकात राहू दिली, तर ती तपकिरी होऊन कडवटपणा उतरू लागतो. गाळलेला पाक फ्रीजमध्ये आठवडाभर चांगला राहतो, पण गंध दिवसागणिक मंदावतो, म्हणून तो थोडाच करावा.

गुलाबाचे काम त्या मानाने सोपे आहे, कारण त्याच्या गंधातील फेनिलइथाइल अल्कोहोल हा घटक पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो. त्यामुळेच चांगल्या गुलाबपाण्यात गुलाब ओळखू येतो. एका पेल्याला अर्धा चमचा गुलाबपाणी पुरते. पुष्पगुच्छात असणारे लांब दांड्याचे डच गुलाब मात्र उपयोगाचे नाहीत. त्यांची पैदास रूप आणि टिकाऊपणा पाहून झालेली आहे, गंधासाठी झालेली नाही. गावठी गुलाबी गुलाब मिळाला तर त्याच्या पाकळ्यांचा पाक करता येतो. बाजारातील लाल गुलाब सरबत वापरणाऱ्यांनी दुसरी साखर अजिबात घालू नये.

गोकर्णाच्या पाकळ्या कोमट पाण्यात गर्द निळा रंग सोडतात आणि लिंबाचा रस पडताच तो जांभळा होतो, कारण त्यातील अँथोसायनिन द्रव्यांचा रंग आम्लतेनुसार बदलतो. हा बदल पाहण्याचा आनंद खरा आहे आणि मोगऱ्याच्या पाकाला त्याची जोड शोभूनही दिसते. जास्वंदीच्या पाकळ्या लाल रंग देतात. लाल अंबाडीची बोंडे रंगाबरोबर आंबटपणाही देतात, म्हणून ती वापरताना लिंबू कमी करावे.

सुरक्षिततेची बाब येथे सर्वांत महत्त्वाची आहे. गजऱ्याची किंवा देवाच्या हाराची फुले खाण्यासाठी पिकवलेली नसतात. त्यांवर कीटकनाशके फवारलेली असू शकतात आणि ती अनेक हातांतून गेलेली असतात. पेयात घालायची फुले घरच्या कुंडीतील, औषध न मारलेली किंवा खाण्यासाठी म्हणूनच पिकवलेली असावीत. दुहेरी पाकळ्यांची तगर घाईत मोगऱ्यासारखी दिसते, पण तोडल्यावर तिच्या देठातून पांढरा चीक येतो. ती विषारी असून पोटात जाऊ देऊ नये. कण्हेर आणि पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, यांची फुले तर सजावटीसाठीसुद्धा पेल्याच्या कडेला लावू नयेत.

प्रत्यक्ष पेय पेल्यातच तयार होते. साधारण ३०० मि.लि.च्या उभ्या पेल्यात पुदिन्याची ८ ते १० पाने, २० मि.लि. लिंबूरस आणि १५ मि.लि. मोगऱ्याचा पाक घ्यावा. एवढ्या पाकात जवळपास मूळ कृतीतील दोन चमच्यांइतकीच साखर येते. आपले कागदी लिंबू हे क्यूबात वापरल्या जाणाऱ्या लिंबाच्याच जातीचे असल्याने तेथे काही तडजोड करावी लागत नाही. पाने हलकी दाबून झाली की ४५ मि.लि. रम ओतावी, पेला बर्फाने भरावा, ९० मि.लि.च्या आसपास थंड सोडा सोडावा आणि लांब चमच्याने तळापासून एकदाच वर ढवळावे. बर्फाचे मोठे खडे घ्यावेत, कारण ठाणे खाडीच्या दमट हवेत चुरा केलेला बर्फ पाहता पाहता वितळतो आणि पेय पांचट होते. पाक आधी चमच्यावर चाखून त्याचे प्रमाण ठरवू नये. थंड पेयात गोडवा आणि गंध दोन्ही कमी जाणवतात, तर सोड्याचे फुटणारे बुडबुडे गंध नाकापर्यंत वर आणतात. म्हणून खरी चव तयार पेल्यातच कळते. पहिल्या घोटाआधी मोगरा, घोटात लिंबू आणि मागाहून पुदिना असा क्रम साधला, तर पेय जमले असे समजावे. पिताना अत्तर लावलेल्या रुमालाची आठवण येऊ लागली, तर पाक निम्मा करावा.

भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक रममध्ये मद्यार्काचे प्रमाण ४२.८ टक्के असते. त्यामुळे वरील एका पेल्यात सुमारे १५ ग्रॅम शुद्ध मद्यार्क जातो, आणि गोड-आंबट चवीमुळे तो जाणवत नाही, हे पिणाऱ्याने ध्यानात ठेवावे. महाराष्ट्रात रमसारखे कडक मद्य पिण्यासाठी किमान वय २५ वर्षे असून १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्यसेवनासाठी परवाना लागतो. घोडबंदर रस्त्यापासून बेलापूरपर्यंत जागोजागी दिसणाऱ्या ‘परमिट रूम’ या पाटीचा उगम याच कायद्यात आहे.

मद्यविरहित फुलांचा मोहितो हा या शहरांत अधिक घरांतून होणारा प्रकार. त्यात रम वगळल्यावर पेय पाण्यासारखे पोकळ लागते, आणि ती पोकळी भरण्यासाठी पुष्कळदा जास्त साखर ओतली जाते. रम उसापासून होते, हे लक्षात घेतले तर अधिक चांगला मार्ग सापडतो. रसवंतीगृहात उसाच्या रसात लिंबू, आले आणि मागितल्यास पुदिनाही घालून मिळतो. तोच ताजा रस, आले न घालता, ४५ मि.लि. रमच्या जागी घ्यावा. उसाच्या रसाला स्वतःचा गवताळ, किंचित मातकट वास असतो आणि तो मोगऱ्याला झाकत नाही, उलट त्याला आधार देतो. रस गोड असल्यामुळे मोगऱ्याचा पाक ७ ते ८ मि.लि. एवढाच ठेवावा, आणि उसाचा रस लवकर काळवंडतो म्हणून तो काढल्यापासून अर्ध्या तासाच्या आत, लिंबू पिळूनच, वापरावा.